नत्थूकाकाची पट्टी

मुलांनो, अशी कल्पना करा की जिभेखाली एक कागदी पट्टी मिनिटभर धरली, तर तोंडाचा कर्करोग व्हायच्या तीन वर्षं आधीच ती जांभळी पडते. मग महिनाभर औषधाच्या गुळण्या केल्या की माणूस वाचला.

अशा पट्ट्या सावरटेका गावच्या शाळेत आल्या, तेव्हा आठवीतल्या शर्वरीचे बाबा त्याच रोगानं जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना रोज तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देणारा नत्थूकाका मात्र आपल्या पानठेल्यावर ठणठणीत बसलेला होता.

तपासणीच्या दिवशी दुपारपर्यंत गावातल्या त्रेचाळीस जणांच्या पट्ट्या जांभळ्या पडल्या. तपासणाऱ्या मॅडमना मदत करणारी शर्वरी नत्थूकाकाचीच वाट पाहत होती. सगळ्यांसमोर त्याचीही पट्टी जांभळी व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

त्याची पट्टी पांढरीशुभ्र निघाली.

"असं काऊन झालं?" ती ओरडली.

नत्थूकाका हसला. "पोरी, मी फक्त घोटतो. ही घाण माह्या तोंडात मी कधीच टाकली नाही."

"बाबाचं तोंड दुखत व्हतं, तेव्हा तर तुम्हीच म्हणाले, काही होत नाही!"

"मंग गिऱ्हाइकाले दुसरं काय सांगू?"

औषधाच्या रांगेतले त्रेचाळीस जण हे ऐकत होते.

शर्वरीनं त्या सगळ्या जांभळ्या पट्ट्या दोऱ्यात ओवल्या, मधोमध नत्थूकाकाची एकटी पांढरी लावली आणि ते तोरण नेऊन त्याच्या पानठेल्याला बांधलं.