लाल पट्टी

पैसे आले नव्हते. स्क्रीनशॉट मात्र आला होता, हिरव्या गोलातल्या बरोबरच्या खुणेसकट.

तृप्तीने बँकेचं खातं पुन्हा उघडून पाहिलं. मांडीवरच्या लेकीने, ईश्वरीने, फोनला हात घातला, तसा तिने तो उंच धरला.

मंठ्यात घरी बसून ती लग्नपत्रिका करायची. कागदाच्या नाहीत, लिंकच्या. लिंक उघडली की सनई वाजायची, गणपती यायचा, मग नावं, मग कार्यालयाचा नकाशा. उधार नेलेली साडी निदान परत तरी मागता येते. पाहुण्यांच्या ग्रुपवर गेलेल्या लिंकचं काय परत मागायचं?

काल ईश्वरीला ताप होता. तिला औषध पाजता पाजता तृप्तीने स्क्रीनशॉटवर नुसती नजर टाकली आणि लिंक पाठवून दिली. या लग्नसराईत ती तिसऱ्यांदा फसली होती. आता नीट पाहिलं तर फोटोवर तारीख उद्याची. चोरी करायची, तीही धड नाही. म्हणजे समोरच्याने तिला किती बावळट धरलं होतं, या विचाराने तिचे कान तापले.

गिऱ्हाईक वडीगोद्रीचं. नवरीचा भाऊ, बबलू, अशी त्याने स्वतःची ओळख लिहिली होती. फोन कधी उचलायचा नाही. 'घरात गडबड हाय ताई, लिहूनच सांगा.' त्यात नखरे किती. नवरीच्या नावाखाली 'बी.एस्सी. तृतीय वर्ष' लिहायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी काढायला लावलं. 'नवरदेवाकडचे नको म्हणतेत.' मग त्या जागी नवरदेवाचे चुलते, मामा आणि गावचे सगळे पुढारी आले.

"पैसे जमा झाले नाहीत," तिने लिहिलं.

"गेले की. फोटो पाठवला ना."

"फोटोवर उद्याची तारीख आहे."

"मंग उद्या येतील."

तृप्तीने फोन पलंगावर आपटला. ईश्वरी दचकून रडायला लागली.

"काय झालं गं?" द्वारकाबाई, तिच्या सासूबाई, लसूण सोलता सोलता आत आल्या.

"बुडवले. पट्टी लावणारे मी."

पट्टी म्हणजे पत्रिकेवर आडवी लाल पट्टी: 'या पत्रिकेचे पैसे बुडवले आहेत.' लिंक कुठेही गेली तरी पान तृप्तीच्याच हातात राहायचं. परतूरच्या एका घराला तिने एकदा लावली होती. तासाभरात पैसे हजर. तेव्हापासून पट्टीची चर्चा गावोगाव झाली होती. या बबलूनेही पत्रिका सांगतानाच विचारलं होतं, 'पैसे न्हाई दिले तर लाल पट्टी लावतात, ते तुमीच ना?' तिला वाटलं, माणूस सरळ दिसतोय.

"पोरीचं लग्न हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "भावानं खाल्लं, तिनं काय केलं?"

"भावाला कळू द्या ना मग."

"तुला बी लेक हाय."

"म्हणून तर पैसे पाहिजेत. औषधवाला मला फोटो घेऊन औषध देत नाही."

द्वारकाबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "तुझं डोकं म्हंजी तापलेला तवा. पाणी टाकलं तर आणखी चरचरतं."

तृप्तीने शेवटचं लिहिलं, "संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर पट्टी लागेल."

उत्तर लगेच आलं. "लावा की. बारीक लावू नका पण, आमच्या पाहुण्यांना चष्मे हायेत."

असला माज. संध्याकाळ व्हायची वाटही तिने पाहिली नाही. पट्टी लावली ती नेहमीपेक्षा दुप्पट रुंद, आणि बरोबर चुलत्या-मामांच्या नावांवरून.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबर वाजला.

"नवरीचा बाप बोलून राह्यलो. भुजंगराव. आधी काढा ते."

"आधी पैसे."

"रोख दिल्ते मी, पोटच्या लेकराच्या हातात. तुमाला न्हाई पोचले?"

"मग लेकराला विचारा. माझ्यावर कशाला ओरडता?"

"बाई, सोयरे दारात बसलेत माझ्या."

"माझ्या दारातही खर्चच बसलाय, दादा." तिने फोन ठेवला.

संध्याकाळी तिचा नवरा, कल्याण, बियाण्याच्या दुकानातून घरी आला. चप्पल काढायच्या आधी बायकोला म्हणाला, "वडीगोद्रीचं लग्न मोडलं. दुकानात तीच चर्चा. नवरदेवाचा चुलता म्हणला म्हणे, ज्यांनी आमच्या नावावर चोराची पट्टी मिरवली त्यांच्याशी सोयरीक न्हाई. झालं का समाधान?"

"मला नका विचारू. त्या बबलूला विचारा."

"बबलू तुझ्या स्वप्नात येणारे का? ती नवरी येईल, रात्री झोपलीस की."

तृप्तीने ईश्वरीला त्याच्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन लिंक उघडली. सनई वाजली, तिने आवाज बंद केला. पट्टीच्या वर नाव होतं. चि. सौ. कां. शिवकन्या. एका मुलीचं लग्न आपण मोडलं. पट्टी काढायला तिने बोट पुढे नेलं, पण ते टेकेना. का काढू? एका माजलेल्या भावाने स्वतःच्या बहिणीला विकून खाल्लं, आणि पाप मी धुवायचं? तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं.

फोन वाजला. पैसे जमा झाले होते, पूर्ण. पाठवणाऱ्याचं नाव: शिवकन्या भुजंगराव.

लगेच बबलूच्या नंबरवरून मेसेज आला.

"मुद्दाम उशीर केला मी, माफ करा ताई. आता पट्टी काढली तरी चालते."