आईची अंघोळ

भर शहरातल्या जुन्या, आलिशान हॉटेलात आईला साठीनिमित्त हौसेनं आणलं आणि माझ्याच डोक्याला ताप झाला. मखमली खुर्चीवर बसेना, मळेल म्हणून. सफाईवाली यायच्या आत चादरी स्वतःच झटकल्या. पणजोबांच्या काळातला, पितळी नळांचा टब बघून म्हणाली, "एवढं पाणी अंघोळीला?" मी कपाळावर हात मारला. निघायच्या सकाळी मात्र टबात शिरली, ती बाहेरच येईना. खोली सोडायची वेळ टळली. मी वैतागून दार बडवलं, "आई, आटप गं!" आतून शांत आवाज आला, "लग्न झाल्यापासून अंघोळीला गेले की दार वाजतंच. आधी सासूबाई, मग तुझे बाबा, मग तुम्ही पोरं. आज वाजव खुशाल, मी नाही निघत." माझा हात तिथेच थांबला. रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, निघताय ना?" "आई अंघोळ करतेय," मी म्हणाले. "वेळ लागेल."