पुलापलीकडे

"काकू, तुम्ही इथेच थांबा, गाडी येतेय," असं शालिनीबाईंना सांगून गाईड बाकीच्यांना घेऊन पूल ओलांडून गेला.

बंद पडलेल्या घाटरेल्वेच्या वाटेवर चार दिवसांची सायकल सहल होती. पूल आला की शालिनीबाई गाडीने वळसा घालून पलीकडे जायच्या. फळ्यांच्या फटींतून खोल दरी दिसली की त्यांचे पायच उचलत नसत.

धाकटी जाऊ हेमा सगळ्यांच्या मागून गेली. पलीकडे पोचताच तिने सायकल टाकली आणि ती छाती धरून खाली बसली. तिला दम्याचा झटका आला होता आणि तिचा पंप शालिनीबाईंच्या पिशवीत होता. त्यांनी हाका मारल्या, पण गाईड बाकीच्यांसह पुढच्या बोगद्यात शिरला होता.

पंप मुठीत धरून त्या पुलावर रांगत निघाल्या. मध्यावर वाऱ्याने फळ्या थरथरल्या, तेव्हा त्या मोठ्याने रडल्या, पण थांबल्या नाहीत.

पंप दोनदा ओढल्यावर हेमाचा श्वास सुरळीत झाला. "वहिनी, तुम्ही पुलावरून आलात?"

"बोलू नकोस. मला घट्ट धरून ठेव," शालिनीबाई म्हणाल्या. त्यांचं अंग आता कुठे कापायला लागलं होतं.