हातात आलेलं बटण

आमची रेडिओची कंपनी बुडायला आली, तेव्हा बाबांनी तिथेच इंजिनिअर असलेल्या मला डावलून खुर्चीवर धाकट्या बहिणीला बसवलं. मी म्हटलं, बघतोच, किती दिवस टिकते! तर बाईसाहेब तक्रारींचे फोन स्वतः घ्यायला लागल्या, लोक ज्याला नावं ठेवतील ते बदलून टाकायला लागल्या. पाठ फिरवलेले दुकानदार वर्षभरात परत आले. घरात, कारखान्यात तिचंच कौतुक, आणि इकडे माझा जळफळाट. परवा तिचा नवा रेडिओ घरी आणून खोट शोधत बसलो, तर आवाजाचं बटण चक्क हातात आलं. मला आभाळ ठेंगणं झालं. घोगरा आवाज काढून फोन लावला. “बाई, नव्या रेडिओचं बटण बनवणाऱ्या गाढवाला हाकला!” ती हळूच म्हणाली, “दादा, त्या रेडिओत सगळं नवं घातलंय. तुला वाईट वाटेल म्हणून बटण तेवढं तू बनवलेलंच ठेवलं.”