मामाचे वाळे

परदेशातल्या यादवीत दोन वर्षं कप्तान म्हणून लढून संतपूरच्या देशमुखांचा थोरला मुलगा भाचीच्या जावळाला घरी आला. पोरीला मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्यानं वस्तरा फिरवला. वडील पाहुण्यांना सांगत होते, “तिकडं बी आमचं घराणं बघूनच अफसर केलं त्याला.” मामानं खिशातून चांदीचे वाळे काढले. बहीण ते लेकीच्या पायात घालू लागली, पण टाचेवरून सरकेनात. “अण्णा, हे उघडतात कुठून?” “उघडत न्हाईत. तिकडं लेक जन्मली की बाराव्या दिवशी घालतात. पाय वाढला की जलमभर निघत न्हाईत.” बहीण हसली. “मग तू कसे काढून आणलेस?” त्यानं भाचीच्या घोट्यावरून अंगठा फिरवला. “कवळं हाड असतंय. वेळ लागत न्हाई.” बहिणीनं लेक उचलून पोटाशी धरली. वडिलांनी वाळे तळहातावर तोलले. “चांदी चोख हाय. सोनाराकडून कापून कडी बसवून घेऊ.”