ताजुभाईंचा राजीनामा

मुनाफने उठायचं होतं, आणि मुनाफ उठत नव्हता.

ताजुद्दीन, म्हणजे सगळ्यांचे ताजुभाई, माइकसमोर उभे होते. "म्हणून आज मी आपल्या कोकण मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देतो," हे भाषणाचं शेवटचं वाक्य म्हणून झालं होतं. आता ठरल्याप्रमाणे मुनाफने ताडकन उठून "आम्ही तुम्हांला जाऊ देणार नाही!" अशी आरोळी ठोकायची, सभेने ती उचलून धरायची, आणि ताजुभाईंनी दोनदा नको-नको करून तिसऱ्यांदा मान तुकवायची. कोकणात साधा पाहुणासुद्धा पहिल्या आग्रहाला दुसरी भाकरी घेत नाही. अध्यक्षाने तरी का घ्यावी?

खेळी साधी होती, गरज मात्र मोठी होती. सौदीकरणाच्या वाऱ्यात कंपनीने खरेदी विभागातली ताजुभाईंची जागा एका सौदी तरुणाला द्यायचं ठरवलं होतं. तरुण गुणी निघाला. त्यांना 'उस्ताद' म्हणायचा, त्यामुळे धड रागावताही येईना. ती खुर्ची गेली की अख्ख्या दम्माममध्ये ताजुभाईंची म्हणून एकच खुर्ची उरणार होती, मंडळाची. आणि तिचेही पाय डळमळू लागले होते. रायगडवाले यंदा रत्नाकरला उभा करणार, अशी कुणकुण होती. रत्नागिरीवाले आणि रायगडवाले ईदला आणि गणपतीला एका पंगतीत जेवत, पण मतं द्यायची वेळ आली की दोन चुली मांडत.

भाषण लेकीने, दुआने, लिहून दिलं होतं. शाळेत तिला अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षावर प्रोजेक्ट होतं, तेच तिने भाषणात उतरवलं. लढाई जिंकल्यावर त्याने मनात आणलं असतं तर राजा झाला असता. तो सेनापतीपद सोडून आपल्या शेतावर गेला. पुढे देशाने अध्यक्ष केलं, तर दोन खेपांनंतर कुणी ऊठ म्हणायच्या आत उठला. लोकांचं राज्य लोकांच्या सचोटीवर उभं राहतं आणि गटबाजी त्याला पोखरते, असं त्याचं म्हणणं. गटबाजीचा मुद्दा ताजुभाईंना रायगडवाल्यांसाठी फारच आवडला होता.

घोटाळा एवढाच झाला, की भाषण रंगलं. एरवी ताजुभाई बोलायला उभे राहिले की लोक बिर्याणीच्या पातेल्याकडे बघत. आज इस्तिराह्यात, म्हणजे सभेसाठी भाड्याने घेतलेल्या त्या विश्रामगृहात, शुक्रवारच्या भरल्या सभेत, बायकांची कुजबुजसुद्धा थांबली. स्वतः ताजुभाईंचा आवाज दोन ठिकाणी कापला, आणि तो सरावात कापला नव्हता.

अखेर मुनाफ उठला. ताजुभाईंनी सुटकेचा श्वास घेतला. पण मुनाफचे डोळे भरून आले होते.

"ताजुभाई, तुम्हांला अडवायचं म्हणूनच मी आज आलो होतो," तो म्हणाला. "पण आता कुठल्या तोंडाने अडवू? असा माणूस आपल्याला लाभला, हे आपलं नशीब. जा, ताजुभाई. मानाने जा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ रत्नाकरचं नाव पुढे आलं आणि ताजुभाईंच्या रत्नागिरीवाल्यांनीही भराभर हात वर केले. गटबाजीचा मुद्दा त्यांच्याही काळजाला भिडला होता. ताजुभाई कुणीतरी पांघरलेली शाल खांद्यावर घेऊन हसत उभे राहिले. आतून त्यांना मुनाफचा गळा धरावासा वाटत होता.

तेवढ्यात नव्या अध्यक्षांनी माइक घेतला. "ताजुभाई, निदान सल्लागार म्हणून तरी माझ्या शेजारी बसा!"

"बसा, बसा!" सभा ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज मुनाफचा. हवा होता तो आग्रह आला, पण वरातीमागून घोडं. तरी काय वाईट होतं? स्टेजवर खुर्ची, बॅनरवर नाव, गावाकडे सांगायला हुद्दा. ताजुभाईंनी रीतसर नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. गुडघे मात्र खुर्चीकडे वळले होते.

एवढ्यात दुआ गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"अब्बा, आय थॉट तुम्ही फक्त वाचून दाखवणार," ती म्हणाली. "यू रिअली डिड इट!"

तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक ताजुभाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. मैत्रिणींसमोर वडिलांपासून चार पावलं लांब चालणारी पोर ती. आज तिने सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. ताजुभाईंनी खुर्चीकडे एकदा पाहिलं, तिसऱ्यांदा नको म्हटलं आणि स्टेजवरून खाली उतरले.

परतताना गाडीत त्यांची बायको नबीला शेजारी बसली होती. मुनाफची तालीम तिच्याच दिवाणखान्यात झाली होती आणि चहाही तिनेच केला होता. सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "आता तरी खरं सांगा. खुर्ची तुम्हांला हवी होती ना?"

मागच्या सीटवरून दुआही पुढे वाकली.

"हवी होती," ताजुभाई म्हणाले. "नको असलेली खुर्ची काय, कोणीही सोडतं."