कोळंबीचं पान

कावळा पानाला शिवेना.

सर्वपित्री अमावास्येची दुपार होती. सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर आप्पा हात जोडून उभे होते. पानात भात, खीर, वडे आणि त्यांच्या मुलाच्या, इंद्रजीतच्या, आवडीची शेंगाचटणी होती. पाण्याच्या टाकीवर दहा-बारा कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता. एकाचीही नजर पानाकडे नव्हती. सगळे गच्चीला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीकडे बघत होते. ती खिडकी सोनाबाईंनी सकाळीच कडी घालून लावली होती.

“इंद्रजीत, सृष्टीला लेकीवानी संबाळू,” आप्पा म्हणाले. “सांगोल्याची शेरडं इकणार न्हाय. आता शिव की बाबा.”

कावळे हलले नाहीत. दारात उभ्या असलेल्या सोनाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं. आज, या दिवशी, हसू.

“शिवत न्हाय म्हंजी माजा ल्योक जित्ता हाय. उचला पान.”

इंद्रजीत अमेरिकेत, लुइझियानाच्या किनाऱ्यावर, एका बोटीवर मेकॅनिक होता. अकरा महिन्यांपूर्वी वादळात बोट बुडाली. चार जण सापडले, इंद्रजीत सापडला नाही. बेपत्ता, एवढंच कंपनीनं कळवलं. तेव्हापासून त्याची बायको सृष्टी मध्येच लटकून राहिली होती. घरी येणारी माणसं आधी तिच्या कपाळाकडे बघत आणि मग काय बोलायचं ते ठरवत. तिला याचा वीट आला होता.

“आत्या, त्यांना काय पायजे ते मला ठाऊक हाय,” ती सासूला म्हणाली. पालेभाजीखाली लपवून आणलेली कोळंबी तिनं फ्रीजमधून काढली.

“पित्राच्या पानात पाण्यातले किडे?” सोनाबाई कडाडल्या.

शेरडं राखणाऱ्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. मटणाला ना नव्हती, पण कोळंबीचं नाव काढायची सोय नव्हती. इंद्रजीत तिकडे जाऊन ती खायला शिकला आणि गेल्या सुट्टीत याच चुलीपुढे उभं राहून त्यानं गंबो, म्हणजे तिकडचा कोळंबीचा दाट रस्सा, रांधला होता. मग हातात घास घेऊन तो घरभर आईच्या मागे धावला. तिनं पदर नाकाला लावला होता. शेवटी, “फुडच्या खेपंला खाईन, शपथ,” म्हणून तिनं सुटका करून घेतली. “तू खाल्ल्याबिगर म्या काय जात न्हाय,” असं तो हसत म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी विमानात बसला.

त्यानंतर सृष्टीनं दोनदा कोळंबी आणली. दोन्ही वेळा सोनाबाईंनी ती मांजरापुढे टाकली. वास सोसत नसेल, असंच सगळे समजले.

आज सृष्टी ऐकणार नव्हती. तिनं तेलात पीठ विटेच्या रंगावर परतलं. कांदा, ढोबळी मिरची, भेंडी घातली. इंद्रजीतनं आणलेल्या केजन मसाल्याचं पाकीट अर्धं उरलं होतं. त्याला त्यानंच लावलेलं रबर अजून तसंच होतं. ते काढताना तिचा हात थांबला. मग तिनं मसाला घातला आणि वर कोळंबी सोडली.

वास सुटला. बाहेरून खिडकीवर टक्कन वाजलं. मग पुन्हा. मग एकामागून एक चोची वाजू लागल्या. सोनाबाई खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

सृष्टीनं भातावर गंबो वाढून नवं पान मांडलं. चोची थांबल्या. एक कावळा पानाशी उतरला. त्यानं मान वाकवली नाही. उघड्या दारातून तो सरळ आत, सोनाबाईंकडे बघत राहिला.

सोनाबाईंनी तोंड फिरवलं.

“आत्या,” सृष्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी सवाशीण हाय का न्हाय, तेवडं तरी कळू द्या मला.”

सोनाबाईंनी सुनेकडे बघितलं. मग त्या चुलीपाशी आल्या. पातेल्यातली कोळंबी भातात कालवून त्यांनी घास केला. पदर नाकाला लावला नाही. घास तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावू लागल्या.

त्यांनी घास गिळला. गच्चीवर पंख फडफडले. कावळ्यानं पानातली कोळंबी उचलली आणि तो उडाला. टाकीवरचे सगळे त्याच्यामागून गेले. आप्पांनी पुन्हा हात जोडले.

सृष्टीला रडू फुटायला हवं होतं. ती सासूकडे बघतच राहिली.

“आत्या, ते गेल्यात हे तुमाला ठाऊक हुतं?”

“पयल्या दिसापास्नं,” सोनाबाई म्हणाल्या. “म्हणून तर खात न्हवते.”